किडनी रोझविथाची, राग माझा

...आणि वर आमच्या डॉक्टरीणबाई, हेर म्हणजे साहेब असा मान देऊन, मलाच म्हणतात, "हेर शेपान्स्की, रागावू नका, तुमचा राग तुमच्या पांढऱ्या पेशींना कळतो!" कळतो? माझा राग? पेशींना? अहो, आख्खं आयुष्य ट्राम चालवली मी, बोखुम ते गेल्सेनकिर्शेन, दारात पाय अडकवून मित्राची वाट बघणारी कार्टी, रुळावर गाडी लावून पाव आणायला गेलेले शहाणे, सगळ्यांवर रागावलो, घंटा बडवून बडवून रागावलो, एकाला म्हणून कधी माझा राग कळला नाही, आणि आता कळतोय तो कुणाला, तर रक्तातल्या पेशींना! आणि सांगतंय कोण त्यांना? मी नाही हं. माझं डोकं! परस्पर! मला बाजूला ठेवून! शरीर माझं, पण मला विचारतंय कोण!

थांबा, नीट सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा चळला.

तर माझ्या दोन्ही किडन्या गेल्या. कशानं गेल्या ते विचारू नका, डॉक्टर म्हणाले रक्तदाब, माझी बायको, मारलीस तिचं नाव, ती म्हणते बिअर, मी म्हणतो रुळावर गाड्या लावणारे. गेल्या एवढं खरं. मग ते मशीन. हाताला सुया टोचून अर्धा अर्धा दिवस पडून राहायचं, रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येणार, आणि शेजारच्या खाटेवरचा म्हातारा रेडिओ लावून बसणार. आणि प्यायला पाणी किती? वाटीभर! जुलै महिन्यात वाटीभर पाणी, तुम्हीच सांगा, माणूस चिडेल नाहीतर काय करेल?

अशात एका रविवारी कॉफीच्या वेळी आली रोझविथा. रोझविथा म्हणजे माझी थोरली बहीण. आई कारखान्यात जायची, तेव्हा हिनं माझं नाक पुसलं, बुटाच्या नाड्या बांधल्या, शाळेत पोचवलं, आणि त्या भांडवलावर आजतागायत मला 'बारक्या' म्हणते. सदुसष्ट वर्षांचा घोडा झालोय मी, डोक्यावर केस नाहीत, आणि ट्राममध्ये चार लोकांत हाक मारते, "बारक्या, टोपी घाल!" तर आली, प्लमचा केक टेबलावर ठेवला, सुरी मागितली, आणि केक कापता कापता म्हणते, "बारक्या, माझी एक घे. इस्पितळात बोलून आलेय. पुढच्या आठवड्यात तपासण्या."

मी म्हटलं, "एक काय? केक?"

"किडनी, मूर्खा."

"अगं, पण मला विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तू नाही म्हणाला असतास. क्रीम हवंय का वर?"

झालं! ठरलं! आपल्याकडे जर्मनीत नियम आहे, किडनी देणाऱ्याला एका समितीसमोर बसवतात. गंभीर चेहऱ्याची तीन माणसं विचारतात, बाई, तुम्ही हे स्वखुशीनं करताय ना, तुमच्यावर कुणी दबाव तर आणला नाही ना? तर ही त्यांना म्हणाली, "दबाव? आमच्या घरात दबाव मी आणते." दिली की हो त्यांनी परवानगी! माझ्या समितीचं काय? माझ्यावरच्या दबावाचं काय? शरीर माझं, पण मला विचारतंय कोण!

बरं, ऑपरेशन उत्तम झालं, खोटं कशाला बोलू. टाके घालायच्या आतच कामाला लागली ती किडनी. हुकमी! मालकिणीवर गेलेली! पण दुसऱ्या दिवसापासून जो फोन सुरू झाला... रोज सकाळी, मी पावाला लोणी लावत असतो, ट्रिंग ट्रिंग, उचलला की नमस्कार नाही, चमत्कार नाही, सरळ, "माझी कशी आहे?"

माझी! 'तू कसा आहेस' नाही, 'झोप लागली का' नाही, माझी कशी आहे! जणू मी माणूस नाहीच, मी म्हणजे तिची किडनी भाड्यानं ठेवलेली खोली! आणि वर नियम. माझ्या किडनीला मीठ चालत नाही. माझ्या किडनीला बिअर आवडत नाही. आणि कच्च्या खिम्याचा पाव तर बंदच बंद! अहो, ताजा डुकराचा खिमा, वर कांदा, मिरपूड, गोल पाव... ट्रामवर असताना रोजचा नाश्ता होता तो माझा! पण आता कच्चं मांस वर्ज्य, कारण काय, तर माझ्या अंगातली फौज गोळ्यांनी झोपवलेली. अंगात काही परकं शिरलं की या पांढऱ्या पेशी तुटून पडतात. आणि बहीण झाली म्हणून काय, किडनी परकीच. फौजेला नातं कळत नाही. म्हणून आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ गोळ्या खायच्या, फौज गुंगीत ठेवायची. त्या गोळ्यांनी हात थरथरतात, हिरड्या सुजतात, आणि कहर ऐका, ज्या किडनीला वाचवायला गोळ्या घ्यायच्या त्या किडनीलाच त्या गोळ्या हळूहळू बाधतात! म्हणजे घराला राखण म्हणून कुत्रा पाळा आणि त्यानंच सोफा खावा!

हे सगळं मी डॉक्टर ओस्टरकाम्पना सुनावलं. या डॉक्टर म्हणजे माझ्या धाकट्या पुतणीच्या वयाच्या, सायकलनं येतात, टेबलावर हेल्मेट. माझं ऐकून घेतलं आणि त्यांचे डोळे चमकले! मला वाटलं, चला, कुणाला तरी दया आली. कसली दया! म्हणाल्या, "हेर शेपान्स्की, याच्यावरच आमचं संशोधन चालू आहे. तुमच्या शरीराला आपण शिकवू या."

"काय शिकवणार?"

"एक विचित्र चव. अशी की तुम्ही जन्मात चाखली नसेल. ती द्यायची तुमच्या गोळीबरोबर, काही वेळा. मग मेंदू ध्यानात ठेवतो, ही चव आली की फौज शांत होते. पुढं नुसती चव दिली तरी मेंदू मज्जातंतूंतून पोटातल्या पाणथरीला, म्हणजे प्लीहेला, निरोप धाडतो, पाणथरीत त्या पेशी जमलेल्या असतात, आणि त्या थोड्या शांत होतात. जमलं तर उद्या कदाचित कमी गोळ्यांत भागेल."

मी म्हटलं, "म्हणजे कुत्र्यासमोर घंटा वाजवली की लाळ गळते, तसं?"

"अगदी तसंच!" केवढा आनंद!

"म्हणजे मी कुत्रा?"

"नाही नाही, तुमची पाणथरी."

अहो, पाणथरी! मला पाणथरी आहे हेच मला त्या दिवशी कळलं! आणि तिचं नि माझ्या डोक्याचं बोलणं चालू आहे, जन्मापासून, माझ्या पाठीमागं! मी म्हणणार होतो की मला जरा विचार करू द्या, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून आवाज, "तो तयार आहे." रोझविथा! सोबत आली होती ना! "सही कुठं करायची? माझीच किडनी आहे." डॉक्टरांनी तिला समजावलं की बाई, सही यांनाच करावी लागेल, तर हिनं पेन माझ्या हातात दिलं. टोपण काढून!

आणि मग ते दूध.

तुम्हाला सांगतो, देवानं अशी वस्तू निर्माणच केली नव्हती, म्हणून ती माणसानं केली. दूध, पण हिरवं! शेवाळासारखं हिरवंगार! तोंडाला लावावं तर चव स्ट्रॉबेरीची! आणि वास? लव्हेंडरचा! कपाटात लोकरीला कसर लागू नये म्हणून मारलीस ज्याच्या पुरचुंड्या ठेवते, तोच वास! डोळ्यांना एक, जिभेला दुसरं, नाकाला तिसरं, म्हणजे माझाच स्वेटर स्ट्रॉबेरीत पिळून मला पाजतायत! आधी गोळ्यांबरोबर प्यालो. मग काही दिवस थांबले. मग म्हणाल्या, रोजच्या गोळ्या चालूच ठेवा, पण मधल्या वेळी हे दूध आणि ही जादा गोळी. मी नाक धरून प्यालो. रक्त काढलं. पुन्हा प्यालो. पुन्हा रक्त काढलं.

आणि एक दिवस बाई धावत आल्या कॉरिडॉरमध्ये, "हेर शेपान्स्की, फार सुंदर! तुमच्या पेशी दूध पिताच शांत होतायत! तुमचं शरीर उत्तम विद्यार्थी आहे!"

उत्तम विद्यार्थी! शाळेत दोनदा नापास झालो मी! मास्तर म्हणायचे, याच्या डोक्यात काही शिरत नाही! शिरायचं तर तेव्हा शिरलं असतं, तर आज इंजिनियर नसतो झालो? ते जाऊ दे. मी म्हटलं, बाई, दुधानं नाही, ती जादा गोळी होती ना, तिनं झालं असेल. तर हसून म्हणतात, "ती गोळी नुसती दिखाऊ होती. औषध नव्हतंच तिच्यात."

म्हणजे फसवलं! मला नाही हो, मी बिचारा नाक धरून बसलो होतो, माझ्या पेशींना! आणि त्या फसल्या! मी मारे घसा फोडून सांगायचो अंगाला, दुखू नकोस, सुजू नकोस, थरथरू नकोस, माझं ऐकलं कधी? आणि स्ट्रॉबेरीचं ऐकलं! शरीर माझं, पण मला विचारतंय कोण!

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. पण आला रोझविथाचा वाढदिवस. सगळे चुलत-मामे जमलेले, आणि ही काट्यानं ग्लास वाजवून उभी राहते, "ऐका रे, डॉक्टर म्हणाल्या, सगळ्या रोग्यांत सगळ्यात हुशार कोण निघालं ठाऊक आहे? माझी किडनी!"

टाळ्या! अहो, टाळ्या वाजवल्या लोकांनी!

मी उठलो. म्हटलं, "किडनी नाही! डोकं! शिकलं ते डोकं, आणि डोकं माझं आहे! ते तू दिलेलं नाहीस!"

"बारक्या, बस खाली, तुला त्रास होईल."

"मला होईल की तिला होईल?"

"एकच आहे ते."

एकच आहे! बस्स, माझी तार सटकली. समोर ताटात इतरांसाठी खिम्याचे पाव मांडलेले, कांदा घातलेले. उचलला एक आणि घेतला घास, सगळ्यांदेखत! रोझविथा टेबलाला वळसा घालून आली, लंगडत आली ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही, आणि माझ्या तोंडातून, अहो तोंडातून, बोटं घालून घास काढला! लहानपणी माती खाल्ली की काढायची तसा! मी ओरडलो, "घेऊन जा तुझी किडनी! आत्ताच्या आत्ता घेऊन जा! मी मशीनवर सुखी होतो!"

रोझविथानं रुमालाला बोटं पुसली, म्हणाली, "केक कापते," आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन नाही. मी पावाला लोणी लावलं. नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मला काय, मी म्हटलं, बरं झालं, ब्याद टळली! फक्त फोन बिघडलाय का म्हणून उचलून बघितला दोन-चारदा. मारलीस म्हणाली, "करायचा तर तू कर." मी म्हटलं, "मी का करू? भाडेकरूनं का करायचा?" आणि त्यानंतर जी चिडचिड सुरू झाली म्हणता, झोप नाही, अन्नावर वासना नाही, मारलीसच्या चमच्याचा आवाज सोसवेना.

तशात तपासणी आली. डॉक्टर ओस्टरकाम्पनी कागद बघितला आणि हेल्मेट बाजूला सरकवलं. "क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय. फौज जागी झालीय बहुतेक. सुई घालून किडनीचा तुकडा तपासावा लागेल." मग चौकशी. गोळ्या चुकल्या? नाही. ताप? नाही. काही वेगळं खाल्लं? एक घास, तोही भांडणात बहिणीनं गिळू दिला नाही. काही ताणतणाव? मी म्हटलं, "ताण कसला, मजेत आहे!" असा ओरडलो की बाहेरची नर्स आत डोकावली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "एका भांडणानं किडनी जात नाही, तसं मनात आणू नका. पण हे बोलणं दोन्हीकडून चालतं. डोकं पेशींना कळवतं, तशाच पेशीही डोक्याला कळवतात. त्या खवळल्या की माणसाची झोप उडते, भूक मरते, चिडचिड होते. गेल्या दिवसांतला तुमचा राग थोडा तिकडूनही आला असेल."

ऐकलंत? म्हणजे किडनी बहिणीची, दूध स्ट्रॉबेरीचं, आणि एवढं एक जे उरलं होतं, माझं, स्वतःचं, बापजाद्यांपासून आलेलं, तो राग! तोसुद्धा पांढऱ्या पेशींचा! मी रागावलो हे ठरवलं कुणी, तर कुठल्यातरी टीचभर पेशीनं! शरीर माझं, पण...

पण तेव्हा नाही म्हणालो मी हे. घशाशीच आलं नाही. कारण सुई घातली, तुकडा काढला, हाताला सलाईन लावलं, आणि मी तिथं पडल्या पडल्या एवढाच विचार करत होतो की ती गेली तर मी रोझविथाला काय सांगू? दुसरी किडनी नाही तिच्याकडे द्यायला. मी माझ्या तोंडानं म्हटलं होतं, घेऊन जा. आणि या डोक्याचं काही सांगता येतं का? उत्तम विद्यार्थी ना! नको ते ऐकून पाणथरीला कळवलं असेल तर?

सुटी मिळाल्या मिळाल्या, निकाल यायच्या आत, ट्राम पकडली आणि गेलो तिच्याकडे. चौथा मजला, लिफ्ट नाही. घंटा वाजवली. आतून भिंतीला धरत धरत पावलं आली. दार उघडलं, आणि मला वाटलं आता शिव्या. तर माझ्याकडे बघून पांढरीफटक पडली.

"गेली?"

मी म्हटलं, "अजून नाही. निकाल यायचाय." आणि मग भडकलोच, जिन्यातच भडकलो, "पण तेवढंच विचार! चार मजले चढून आलोय, दम लागलाय, पण विचारायचं किडनीचं! एकदा तरी विचारलंस का गं, की एगॉन, तू कसा आहेस?"

ती म्हणाली, "लोथारला विचारायचे."

लोथार तिचा नवरा. दोन वर्षांपूर्वी गेला.

"रोज विचारायचे. लोथार, कसा आहेस? म्हणायचा, मस्त. शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाला, मस्त. माणसं खोटं बोलतात, बारक्या. तूही बोलतोस, लहानपणापासून बोलतोस. किडनीचं तसं नाही. तिचा आकडा येतो."

सांगा, भांडायला आलेल्या माणसानं अशा वेळी करायचं काय? मी आपला खाली बघितलं, तर तिचा गुडघा. भोपळ्याएवढा! वर लोकरीचा पट्टा गुंडाळलेला.

"हे काय?"

"काही नाही."

"काही नाही काय! केव्हापासून?"

"वर्ष झालं असेल."

"गोळ्या नाही घेत दुखायच्या?"

"ज्या लागू पडतात त्या मला बंद आहेत. एका किडनीला सोसत नाहीत." आणि वर पटकन, "साध्या घेते की! मस्त आहे मी!"

मस्त! अहो, तुम्हाला सांगतो, एवढा राग आयुष्यात आला नव्हता मला! "खोटारडे! वर्षभर! चार मजले! माझ्या मिठावर लक्ष, माझ्या बिअरवर लक्ष, आणि हा पाय घेऊन बटाट्याच्या पिशव्या वर आणतेस? मला सांगायला काय झालं होतं? एक शब्द! रोज फोन करत होतीस ना? एक शब्द!" असा ओरडलो, असा ओरडलो की समोरच्या बाईंनी दार उघडून विचारलं पोलिसांना बोलावू का. रोझविथा म्हणाली, "नको, भाऊ आहे माझा. चौकशी करतोय." आणि ती रडायला लागली, आणि मी... माझ्या डोळ्यांत कांदा गेला. जिन्यात कुठला कांदा म्हणू नका, गेला.

निकाल आला. फौज थोडी खवळलीच होती, पण औषधानं वेळेत शमली, आकडा खाली आला. कशानं खवळली, कशानं शमली, सलाईननं की आणखी कशानं, विचारलं मी डॉक्टर ओस्टरकाम्पना. त्या म्हणाल्या, "एका माणसावरून सांगता येत नाही, हेर शेपान्स्की." संशोधन करतात म्हणे!

आणि मग मी बदला घेतला. रोझविथाला धरून नेलं हाडांच्या डॉक्टरकडे. ती म्हणाली नको, मी म्हटलं, तुला काय विचारायचं, तू नाहीच म्हणणार. तिनं तोंड उघडायच्या आत मी डॉक्टरांना सांगितलं, "ती तयार आहे." पेन तिच्या हातात दिलं. टोपण काढून! काय सांगू, काय समाधान असतं त्यात!

ऑपरेशन ठरलं. नवा गुडघा. इथपर्यंत ठीक. पण डॉक्टर म्हणाले, नंतर सहा आठवडे जिना बंद, हिला तळमजल्यावर राहावं लागेल, बघायला घरचं माणूस हवं, आहे का कुणी? आणि मारलीस, माझी सख्खी बायको, माझ्याकडे ढुंकून न बघता म्हणते, "आमच्याकडे येईल की!"

सोमवारी येतेय. सहा आठवडे. मारलीसनं पडदे धुतलेत, माझी टीव्हीची खुर्ची तिच्या पायासाठी मापून ठेवलीय, स्वयंपाकघरातलं मीठ आतापासूनच दिसत नाहीये. काल फोनवर विचारत होती, "बारक्या, तुझी अडचण तर नाही ना होणार?" पहिल्यांदा, अहो आयुष्यात पहिल्यांदा मला काही विचारलं तिनं! काय सांगणार? म्हटलं, ये बाई, ये. अडचण कसली... तुझं निम्मं सामान तर आधीच माझ्याकडे येऊन पडलंय.